ताणताईंची सही

तोंडावर त्यांना सगळे ताई म्हणायचे, पाठ फिरली की ताणताई. काम तसंच होतं त्यांचं. एखादं सॉफ्टवेअर तयार झालं की त्याच्यावर खोट्या गिऱ्हाइकांची झुंबड सोडायची आणि ते कुठं कण्हतं, कुठं लटपटतं, कुठं आडवं पडतं ते बघायचं. ऑफिसच्या भाषेत लोड टेस्टिंग. पोरांनी सहा महिने खपून उभं केलेलं काम ताई दुपारच्या जेवणाआधी भुईसपाट करायच्या आणि वर म्हणायच्या, "एवढ्यात पडलं? मी अजून बाह्या पण सरसावल्या नव्हत्या." त्यामुळे त्या कुणाच्या फारशा लाडक्या नव्हत्या. त्यांचं टेबलही बाथरूमच्या दाराशेजारी होतं. तिथून जाणारायेणारा प्रत्येक जण त्यांच्या स्क्रीनकडे चोरून बघायचा, आज आपलं काही मोडलंय का म्हणून.

पन्नाशीला दोन वर्षं कमी. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. घरी सासू. "दोघी विधवा आणि एक टीव्ही," असं त्या स्वतःच सांगायच्या. "टीव्हीचं ऐकतो आम्ही दोघी, एकमेकींचं नाही."

मी सर्व्हर सांभाळायचो, अजूनही सांभाळतो. ताईंना चाचणीसाठी यंत्रं लागली की ती उभी करून देणं हे माझं काम. ही गोष्ट त्यांची आहे, पण तिच्यात माझा हात तीनदा लागलाय. ते लपवून सांगण्यात अर्थ नाही.

आमची कंपनी रुग्णांच्या गाड्यांचं बुकिंग चालवायची. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. त्यातल्या पुष्कळांना जिना उतरवत नाही, टॅक्सीत बसवत नाही. ते आदल्या दिवशी फोन करतात, आमच्याकडे नोंद होते, त्यांना एक नंबर मिळतो आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं खुर्ची घेऊन दारात येतात. फोन वाढत चालले होते आणि जुना डेटाबेस धापा टाकत होता. नवा घ्यायचं ठरलं. एका यंत्रावर बसणारा नाही, तीन दूरदूरच्या इमारतींतल्या भाड्याच्या सर्व्हरवर पसरलेला. एक इमारत बंद पडली तरी बाकीच्या दोन काम ओढतील, अशी त्याची ख्याती. तीन कंपन्यांचे डेटाबेस तपासून एक निवडायचा होता. म्हणजे कागदावर तसं होतं. खरं तर मोठ्या साहेबांनी एकाशी आधीच हात मिळवला होता. निकाल लागलेला होता, परीक्षा तेवढी बाकी होती.

या कामावर प्रमुख म्हणून ज्याला नेमलं त्याला ताईंनीच हाताला धरून शिकवलेलं. नोकरीला लागला तेव्हा त्याला साधी चाचणी लिहिता येत नव्हती. ताईंच्या शेजारी स्टूल टाकून दोन वर्षं बसला. म्हणून आम्ही सगळे त्याला चेला म्हणायचो, आणि साहेब झाल्यावरही ते नाव त्याला चिकटूनच राहिलं. मीटिंगमध्ये ताई त्याला "तुम्ही" म्हणायच्या आणि बाहेर आल्या की "अरे ऐक". हे त्याला खुपायचं. चेहऱ्यावर दिसायचं नाही, पण मी त्याच्या शेजारी बसायचो, मला कळायचं.

ताईंनी मोठ्या साहेबांच्या पसंतीच्या डेटाबेसवर दोन लाख खोटे रुग्ण सोडले. चाळीस मिनिटांत एकोणीस लाख नोंदी. आणि भार अगदी टिपेला पोचला तेव्हा मला म्हणाल्या, "आता मुख्य यंत्राची मान मुरगळ." मी ते यंत्र बंद केलं. उरलेल्या दोघांनी काही सेकंदांत कारभार हातात घेतला. मी टाळी वाजवणार, तर ताई म्हणाल्या, "थांब. डेटाबेसनं ज्यांना ज्यांना 'नोंद झाली' असं सांगितलं त्या सगळ्यांची यादी माझ्याकडे आहे. आता आत खरंच किती आहेत ते मोजू."

सदतीस कमी भरल्या.

त्यांनी चाचणी पुन्हा केली. एकतीस. पुन्हा केली. बेचाळीस. कारण सापडायला संध्याकाळ झाली. मुख्य यंत्र नोंद स्वतःपाशी ठेवायचं, लगेच "झालं" म्हणायचं आणि बाकीच्या दोघांना सवडीनं कळवायचं. वेग छान दिसावा म्हणून विकणाऱ्यानं तसंच लावून दिलं होतं. भार वाढला की ही सवड लांबायची, आणि नेमक्या त्या वेळी यंत्र मेलं की त्याच्या पोटातल्या नोंदी त्याच्याबरोबर जायच्या. ताईंनी हे सगळं रिपोर्टच्या सातव्या पानावर लिहिलं आणि खाली उपायही लिहिला: निदान दोन यंत्रांनी होकार दिल्याशिवाय रुग्णाला "नोंद झाली" म्हणू नये.

चेल्यानं ते पान वाचलं आणि हसला. "एकोणीस लाखांत सदतीस! ताई, धान्यात याहून जास्त खडे निघतात."

"खडा ज्याच्या दाताखाली येतो त्याला जाऊन विचार."

"दोन यंत्रांची वाट बघायची म्हणजे वेग पडणार. मोठ्या साहेबांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग. शिकवलं होतं ना तुला?"

हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. तिथंच घोळ झाला.

दोन दिवसांनी चेल्यानं मोठ्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. ताईंनी सगळ्यांदेखत मुख्य यंत्र बंद करून दाखवायचं, आणि किती नोंदी हरवतात ते सगळ्यांनी बघायचं. सकाळी चेला माझ्या टेबलाशी आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खोटे रुग्ण निम्म्याच यंत्रांवरून सोड. तिला सांगायची गरज नाही." मी का म्हणून विचारलं नाही. मला माहीत होतं. निम्म्या भारात सवड लांबतच नाही, हरवायला काही उरत नाही. मी भार निम्मा केला. माझा हात लागला तो पहिल्यांदा.

खोलीत चौदा जण होते. ताई नवी साडी नेसून आल्या होत्या. कधी नव्हे ते केसही नीट बांधलेले. त्यांनी समजावून सांगितलं, यंत्र बंद केलं, मोजणी लावली. पडद्यावर मोठ्ठं शून्य आलं.

"एकदा परत," ताई म्हणाल्या. परत शून्य.

त्या वाकून स्क्रीनवरचे आकडे बघायला लागल्या. "भार कमी वाटतोय. पाच मिनिटं द्या मला."

"ताई," चेला अगदी प्रेमानं म्हणाला, "यंत्राला काही झालं नाही, ताण तुमच्यावरच आलाय."

खोली हसली. मोठे साहेब हसले, म्हणून बाकीचे जास्त हसले. मीही हसलो. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि वायर गुंडाळत बसल्या, ती वायर संपेचना.

पुढचा आठवडाभर लोक बाथरूमला जाताना त्यांच्या टेबलाशी थांबून विचारायचे, "ताई, आज किती हरवल्या?" कुणीतरी त्यांच्या खुर्चीला कागद चिकटवला: 'हरवले-सापडले विभाग'. त्यांनी तो काढून कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी नवा होता.

आठवडा संपता संपता चेल्यानं त्यांना आत बोलावलं. मी आधीच तिथं बसलेलो होतो. त्यानं त्यांना स्वतः उठून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रिपोर्ट पुढं सरकवला. ताईंनी पानं उलटली.

"सातवं पान कुठंय?"

"ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ, ताई. तुमचा मुद्दा मी विसरत नाही. आणि एक सांगायचं होतं. चाचणीचा वेगळा विभाग होतोय. सहा माणसं, वेगळी खोली. ती तुमच्याकडे द्यायची असं मी वर बोललोय."

बाहेर कुणीतरी बाथरूमचं दार आपटलं. मग ताईंनी पेन मागितलं. मीच दिलं.

सही झाल्यावर चेला म्हणाला, "ते चाचणीचे सर्व्हर आता उडवून टाका. भाडं फुकट चढतंय."

भाड्याच्या सर्व्हरचं असं असतं की यंत्र परत केलं की त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. तिन्ही चाचण्यांच्या याद्या त्यातच होत्या. मी म्हणालो, "याद्या उतरवून घेऊ का?" चेला म्हणाला, "कशाला? रिपोर्ट आहे ना." ताईंनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. आठ यंत्रं होती, आठ वेळा दाबलं.

वेगळा विभाग झाला नाही. विचारलं की चेला म्हणायचा, "वरून आलं नाही अजून."

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग लागोपाठच्या दोन सुट्ट्यांनंतरचा एक गुरुवार आला. सुट्टीनंतर फोन नेहमीच तुंबलेले असतात. सकाळी पावणेनऊला एका इमारतीतली थंड हवेची यंत्रणा बंद पडली आणि आमचं मुख्य यंत्र तापून बसलं. उरलेल्या दोघांनी कारभार हातात घेतला. अकरा मिनिटांत सगळं पूर्ववत. चेल्यानं सगळ्यांना अभिनंदनाचा निरोपही पाठवला.

तेवीस नोंदी गेल्या होत्या. बावीस जणांनी दुसऱ्या दिवशी फोन करून आरडाओरडा केला आणि त्यांना उशिरानं का होईना, गाडी मिळाली. तेविसावा माणूस आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता.

तो म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान कधीच बंद झालेलं. तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा, मुलगी दोन तासांवर दुसऱ्या गावात. गाडीवाल्यांना तीन मजले चढायला नकोत म्हणून शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यानं कामावर जाता जाता त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं आणि रस्त्याकडच्या दारात खुर्चीवर बसवलं. गाडी सातला यायची होती. नऊ वाजता त्यानं फोन केला. ते संभाषण आमच्याकडे नोंदवलेलं आहे, मी ऐकलंय.

"आजोबा, तुमच्या नावावर गाडी नाहीये."

"पण मला नंबर दिलाय, बाई. लिहून घेतलाय मी."

"तो नंबर आमच्याकडे नाही, आजोबा. नीट आठवून बघा. फोन केला होता ना? की करायचा राहिला?"

रस्त्यावरून एक गाडी गेल्याचं ऐकू येतं. मग तो म्हणतो, "माझंच चुकलं असेल. वय झालं हो."

दुसरी गाडी दुपारी दोनला मिळाली. तोवर दवाखान्यातलं त्याचं मशीन दुसऱ्याला गेलेलं. सोमवारी या म्हणाले. रविवारी सकाळी त्याचं हृदय बंद पडलं.

दवाखान्यानं विचारणा केली तेव्हा चौकशी लागली. बाहेरच्या एक वकीलबाई आल्या. काळ्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. चेल्यानं रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला आणि खेदानं म्हणाला, "आमच्या सगळ्यात अनुभवी बाईंनी तपासलं होतं. ही त्यांची सही."

ताईंनी सातव्या पानाचं सांगितलं. सदतीस, एकतीस, बेचाळीस. स्वतःची वही दाखवली, तारखांसकट.

"हातानं लिहिलेलं कधीही लिहिता येतं," वकीलबाई म्हणाल्या. "सर्व्हरवरच्या याद्या कुठं आहेत?"

"पुसल्या."

"कुणी?"

ताईंनी एकदा चेल्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी."

"तुमच्याबरोबर त्या चाचणीला दुसरं कुणी होतं?"

ताईंनी माझ्याकडे बोट नाही दाखवलं, नुसती मान वळवली. वकीलबाईंनी मला विचारलं, सदतीस नोंदी हरवल्याचं तुम्ही पाहिलं होतं का? चेला खिडकीबाहेर बघत होता. माझ्या घरी म्हातारे आईवडील आहेत, दोन मुली आहेत, हे सगळं मी त्या वेळी मनात म्हणून घेतलं. मग म्हणालो, "मला आठवत नाही." हात लागला तो दुसऱ्यांदा.

त्याच दुपारी ताईंना काढलं. सगळ्या ऑफिसला पत्र गेलं, त्यात 'चाचणीतील अक्षम्य निष्काळजीपणा' असे शब्द होते. आणि मला हुकूम आला: दोन यंत्रांनी होकार दिल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही, तसं लावून टाक. एका ओळीचं काम. नऊ मिनिटं लागली. त्यानं वेग कमी झाला तो इतकाच की पापणी लवायला त्याच्या पाचपट वेळ लागतो.

ताईंचं सामान खोक्यात भरून पोचवायला मला पाठवलं. कप, शाल, चष्म्याची रिकामी पेटी. दार सासूनं उघडलं. ताई आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"बघ," सासू मला म्हणाली, "नवरा गेला तेव्हा हिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. माझा मुलगा होता तो. आणि नोकरी गेली तर उशी भिजवतेय."

आतून ताईंचा आवाज आला, "तेव्हा माझी चूक नव्हती, आई."

मी खोकं ठेवून निघालो, तर त्या बाहेर आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा. "त्या घड्याळवाल्याच्या मुलीचा पत्ता दे. आणि तूही चल."

"कशाला?"

"साक्षीला नाही बोलवत. नुसता चल."

रविवारी आम्ही गेलो. मुलगी बापाच्या घरी सामान आवरत होती. चाळिशीची, बारीक, दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून काम करणारी. खोलीत सगळीकडे उघडी खोकी. आम्ही कोण ते ताईंनी सांगितलं. तिनं बसा म्हटलं नाही.

"तुमच्या वडिलांनी फोन केला होता," ताई म्हणाल्या. "नोंद झाली होती. त्यांना मिळालेला नंबर खरा होता. ते चुकले नव्हते, एवढंच सांगायला आले. नोंद आमच्याकडून हरवली."

मुलीनं खोक्यातून एक चिठ्ठी काढली. घड्याळजीचं बारीक, कोरलेलं अक्षर. नंबर, आणि खाली 'शुक्र. ७'. "शनिवारी मला फोनवर म्हणाले, माझं डोकं चालेनासं झालंय, मला आता तुझ्याकडे घेऊन जा. वेडगळ झालो म्हणून रडले. मीही म्हटलं त्यांना, बाबा, असं कसं विसरता तुम्ही. रागावून म्हटलं." तिनं चिठ्ठी ताईंसमोर धरली. "ते हरवतं हे तुम्हाला कधी कळलं?"

"चार महिने आधी."

"कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही सही केलीत."

"हो."

"का?"

ताई काही सबब सांगतील असं मला वाटलं. चेल्याचं, माझं, कुणाचंही नाव घेता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मला वेगळी खोली देणार होते. आणि सगळे हसत होते मला. ते थांबावं असं वाटलं."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

"हा सर्व्हर सांभाळतो," ताई म्हणाल्या. "माझ्याबरोबर आलाय."

मुलीनं चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दार उघडून धरलं. "सांगून मोकळ्या झालात. बरं वाटलं असेल आता. आतापर्यंत मला वाटत होतं, ते विसरले. आता मला आयुष्यभर माहीत असेल की ते बरोबर होते आणि मी त्यांना ओरडले. जा."

जिना उतरताना ताई दर पायरीला कठडा धरत होत्या. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "तू रिक्षानं जा. मी चालत जाते." मी रिक्षानं गेलो.

त्यांना पुन्हा त्या कामावर कुणी घेतलं नाही. मुलाखतीला बोलवायचे, मग आमच्या ऑफिसात फोन करून विचारायचे, आणि फोन चेल्याकडे जायचा. तो वाईट काही बोलायचा नाही. नुसता एक उसासा टाकून "बिचाऱ्या" म्हणायचा, तेवढ्यानं काम व्हायचं. तो आता मोठ्या साहेबांच्या खालचा पहिला माणूस आहे. नव्या पोरांना भाषणात सांगतो की एका चुकीतून आम्ही किती शिकलो. सासू पुढच्याच वर्षी गेली. ताई पार्सलच्या एका गोदामात लागल्या. आठ तास उभं राहून खोक्यांवरचे पत्ते तपासायचे.

गेल्या महिन्यात मी त्या बाजूला गेलो होतो. गोदामाच्या दाराबाहेर, लोखंडी कठड्यावर बसून त्या डबा खात होत्या. गुडघ्याला पट्टा. मला बघून आश्चर्य वाटल्यासारखं काही दिसलं नाही. माझ्या मुलींची चौकशी केली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "दोन यंत्रांचा होकार घेता ना अजून?"

त्याच्या तीन आठवडे आधी एक मोठी दवाखान्यांची साखळी आमचं काम बघायला आली होती. चेल्यानं सांगितलं, वेगाचे आकडे चांगले दिसायला हवेत, तेवढ्यापुरतं ते काढून ठेव. मी काढलं. साखळीचं काम मिळालं. परत लावू का म्हणून मी एकदा विचारलं, तो म्हणाला, नंतर बघू. मी पुन्हा विचारलं नाही.

"हो," मी ताईंना म्हणालो.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. आत घंटा झाली. त्यांनी कठड्याला धरून एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि मी हात पुढं केला तो न घेता आत निघून गेल्या.